आडनावाच्या शेवटचा झेड

माझे काका बोटीवर कुक आहेत. मागच्या पावसाळ्यात आजी न्हाणीघरात घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी दोन दिवसांत ऑपरेशन करायला सांगितलं. काकांनी बोटीवरून लगेच डॉलरमध्ये पैसे पाठवले. एरवी हे पैसे दोन-तीन दिवसांत बेळगावात पोचतात. या वेळी चौथा दिवस उजाडला तरी खात्यात काही नाही.

मी आणि पप्पा बँकेत गेलो. काउंटरवरच्या सरांनी स्क्रीन बघितली आणि म्हणाले, "होल्डवर आहे. नाव मॅच होतंय. कम्प्लायन्सकडे गेलंय."

"कुणाशी मॅच होतंय?" पप्पांनी विचारलं.

"ते आम्हाला पण दिसत नाही हो."

काकांच्या पासपोर्टची कॉपी, जन्मतारखेचा पुरावा, बोटीवरच्या नोकरीची सीडीसी, आणि पैसे कशासाठी पाठवले याचं पत्र, एवढं सगळं दिल्यावर अकराव्या दिवशी पैसे जमा झाले. तोवर ऑपरेशन होऊन गेलं होतं. डिपॉझिटसाठी आजीने हातातल्या बांगड्या काढून दिल्या होत्या आणि पप्पांनी त्या गहाण ठेवल्या होत्या. बँकेकडून ना "चूक झाली" असा शब्द आला, ना "चूक नव्हती" असा. नुसता मेसेज आला, रक्कम जमा.

काकांना फोनवर सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "अगं, आमच्या बोटीवर तिघांचं असंच झालंय. अमेरिकेची यादी असते म्हणे. आपलं आडनाव तिकडच्या बदमाश लोकांसारखं आहे."

आमचं आडनाव रॉड्रिग्ज.

मी साहित्याची विद्यार्थिनी. व्यापार, बँका, निर्बंध यातलं मला काही कळत नव्हतं. पण आपल्याच नावामुळे आजीच्या बांगड्या गहाण पडल्या, हे डोक्यातून जाईना. म्हणून बी.कॉम.च्या एका मैत्रिणीला धरून वाचायला बसले. त्यातून जे समजलं आणि जे पटलं नाही, ते इथे मांडते आहे.

ही यादी ठेवणारं खातं अमेरिकेच्या अर्थखात्यात आहे. ऑफिस ऑफ फॉरेन असेट्स कंट्रोल, थोडक्यात ऑफॅक. १९५० च्या डिसेंबरात, कोरियाच्या युद्धात चीन उतरल्यावर, चीन आणि उत्तर कोरियाची अमेरिकेतली मालमत्ता गोठवण्यात आली, त्या वेळी हे खातं उभं राहिलं. आज त्याच्याकडे इराण, उत्तर कोरिया, क्युबा, रशिया अशा देशांवरचे निर्बंध आहेतच, शिवाय माणसांची, कंपन्यांची, बोटींची एक लांबलचक यादी आहे. यादीत नाव गेलं की त्या माणसाची अमेरिकेतली मालमत्ता गोठते आणि अमेरिकी माणसांनी, कंपन्यांनी त्याच्याशी व्यवहार करायचा नाही. यादीतल्यांची निम्मी किंवा त्याहून जास्त मालकी असलेली कंपनी यादीत नसली, तरी तिलाही तेच लागू.

आता कुणी विचारेल, अमेरिकेच्या यादीशी बेळगावचा काय संबंध? संबंध डॉलरचा. डॉलरमधला पैसा एका देशातून दुसऱ्या देशात जाताना बहुतेक वेळा अमेरिकेतल्या एखाद्या बँकेच्या हिशेबातून जातो. काकांचा पगार समुद्रातून आमच्या घरी येताना त्या दारातून येतो, आणि दारावर यादी लावलेली असते.

यादीत आमच्यासारखी आडनावं का आहेत, याचंही उत्तर मिळालं. १९९५ च्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी कोलंबियातल्या अमली पदार्थांच्या टोळ्यांवर निर्बंध घातले. पहिल्याच फेरीत काली शहरातल्या टोळीचे चार म्होरके यादीत गेले. त्यात दोघे सख्खे भाऊ होते, आडनाव रॉड्रिगेझ ओरेहुएला. पुढे लॅटिन अमेरिकेतली अशी कितीतरी नावं त्यात आली: गोमेझ, फर्नांडेझ, मार्टिनेझ.

गंमत अशी, की रॉड्रिग्ज आणि रॉड्रिगेझ हे मुळात एकच. अर्थ "रॉड्रिगोचा मुलगा". पोर्तुगीज माणूस शेवटी एस लिहितो, स्पॅनिश माणूस झेड. पोर्तुगीज आडनाव गोव्यात आलं, तिथून घाट चढून बेळगाव-खानापुरात आलं. स्पॅनिश आडनाव समुद्रापलीकडे कोलंबियात गेलं. चारेकशे वर्षांनी दोघांची गाठ पडली ती बँकेच्या कॉम्प्युटरमध्ये, आणि कॉम्प्युटर म्हणाला, जवळपास सारखंच आहे, थांबवा.

इथे माझी पहिली प्रतिक्रिया साधी होती. एस आणि झेडमधला फरक कळत नाही, तर असलं मशीन हवं कशाला? तंतोतंत नाव जुळलं तरच अडवा की.

पण मैत्रिणीने मला ऑफॅकने जाहीर केलेली दंडाची प्रकरणं वाचायला लावली आणि मला माझं मत बदलावं लागलं. ही प्रकरणं वाचायला फार चांगली आहेत, अगदी इसापनीतीसारखी. आधी गोष्ट, मग शिक्षा, शेवटी तात्पर्य. कंपनीने काय केलं, कुठे चुकली, किती दंड भरला, आणि मग "इतर कंपन्यांनी यातून काय शिकावं" असा परिच्छेद.

एक गोष्ट ॲपलची. स्लोव्हेनियातली एक सॉफ्टवेअर कंपनी २०१५ मध्ये यादीत गेली. यादीत तिच्या नावाच्या शेवटी "डी.ओ.ओ." ही अक्षरं लहान लिपीत होती. आपल्याकडच्या "प्रायव्हेट लिमिटेड"सारखं ते तिकडचं शेपूट. ॲपलच्या नोंदीत तीच अक्षरं मोठ्या लिपीत होती. मशीनला लहान आणि मोठी अक्षरं एकच आहेत हे कळलं नाही. दोन वर्षं त्या कंपनीची ॲप्स विकली जात राहिली आणि तिला पैसे जात राहिले. २०१९ मध्ये ॲपलने ४,६६,९१२ डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

दुसरी गोष्ट ॲमेझॉनची. रशियाने बळकावलेल्या क्रिमियात माल पाठवायला बंदी होती. एका पत्त्यात क्रिमियाचं स्पेलिंग सीऐवजी के वापरून लिहिलेलं होतं. मशीनने ते सोडून दिलं. पत्त्यात याल्टा हे शहराचं नावही होतं, तेही त्याच्या लक्षात आलं नाही. २०२० मधल्या त्या प्रकरणात कायद्याने शंभर कोटी डॉलरहून जास्त दंड होऊ शकत होता. प्रत्यक्षात १,३४,५२३ डॉलरवर मिटलं, कारण ॲमेझॉनने स्वतःहून चूक कळवली होती आणि ऑफॅकने ती गंभीर स्वरूपाची धरली नाही.

तिसरी एल्फ नावाच्या मेकअप कंपनीची. चीनमधल्या दोन पुरवठादारांकडून ती खोट्या पापण्या मागवायची. त्यातला काही माल उत्तर कोरियातून आलेला निघाला. २०१२ ते २०१७ या काळात अशा १५६ खेपा. कंपनीने हे स्वतःच शोधलं, स्वतःच सांगितलं, आणि २०१९ मध्ये ९,९६,०८० डॉलर भरले.

या गोष्टींतून ऑफॅकचं काम कसं चालतं ते कळतं. "मला माहीत नव्हतं" हे उत्तर दिवाणी दंडातून सुटायला पुरत नाही. एकेका उल्लंघनाला व्यवहाराच्या दुप्पट रक्कम, किंवा कायद्याने ठरवलेली साडेतीन लाख डॉलरहून मोठी रक्कम, यातलं जे जास्त तिथपर्यंत दंड जाऊ शकतो. पण नुसता दंडुका नाही. स्वतःहून सांगितलं तर दंडाचा आधारभूत आकडाच अर्ध्यावर येतो. चूक लहान असेल तर नुसतं समजपत्र देऊनही सोडतात. २०१९ मध्ये त्यांनी कंपन्यांसाठी एक मार्गदर्शक चौकट काढली आणि त्यात पाच गोष्टी सांगितल्या: वरिष्ठांनी मनावर घेणं, धोका कुठे आहे ते ओळखणं, अंतर्गत नियम, वेळोवेळी तपासणी, आणि नोकरांना प्रशिक्षण. विचारायला हॉटलाइन आहे, प्रश्नोत्तरं आहेत, यादीत नाव शोधायचं फुकट साधन आहे. सरकारी खातं म्हणून हे मला खरंच चांगलं वाटलं. आपल्याकडे किती खाती दंड करताना "पुढच्या वेळी असं करा" म्हणून समजावून सांगतात?

आणि स्पेलिंगचं म्हणाल तर लबाड माणूस नाव बदलणारच. त्या काली टोळीने पैसा लपवायला औषधांच्या दुकानांची साखळीच चालवली होती. तंतोतंत नावच शोधा म्हटलं तर सीच्या जागी के टाकणारा प्रत्येक जण सुटेल. म्हणजे "जवळपास सारखं" शोधणारं मशीन हवंच. माझी एस-झेडची तक्रार तिथेच संपली.

पण माझी खरी तक्रार तिथेच सुरूही झाली.

मी वाचलेल्या या बोधकथांपैकी एकाही गोष्टीत चुकीच्या माणसाला अडवल्याबद्दल कुणाला शिक्षा झालेली नाही. सगळ्यांचं तात्पर्य एकच: तुम्ही कुणाला तरी सोडलंत. "तुम्ही कुणाला तरी विनाकारण धरलंत" असं तात्पर्य कुठेच नाही. आता बँकेतल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. २०१४ मध्ये बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेला सुदान, इराण, क्युबा यांच्याशी केलेल्या व्यवहारांसाठी जवळपास ८९० कोटी डॉलर भरावे लागले. त्या बँकेने जाणूनबुजून नावं लपवली होती, हे खरं. पण तो आकडा सगळ्या जगातल्या बँकांनी ऐकला. एका बाजूला असला दंड. दुसऱ्या बाजूला बेळगावातल्या एका म्हातारीच्या बांगड्या, ज्यांची नोंद कुठेच होत नाही. अशा वेळी होल्डचं बटण दाबणं हेच शहाणपणाचं. मी असते तर मीही दाबलं असतं.

म्हणून मला त्या काउंटरवरच्या सरांचा राग येत नाही. प्रश्न आहे तो हिशेब एकाच बाजूचा ठेवणाऱ्यांचा.

हा हिशेब अमेरिकेतही चुकलेला आहे. सर्जिओ रामिरेझ नावाचा माणूस २०११ मध्ये कॅलिफोर्नियात निसानची गाडी घ्यायला गेला. सोबत बायको आणि सासरे. डीलरने ट्रान्सयुनियन या कंपनीचा क्रेडिट रिपोर्ट मागवला, त्यात लिहून आलं की याचं नाव ऑफॅकच्या यादीतल्या नावाशी जुळतं. डीलरने त्याला सांगितलं, तुम्ही दहशतवाद्यांच्या यादीत आहात. गाडी शेवटी बायकोच्या नावावर घ्यावी लागली. घाबरून त्याने मेक्सिकोचा प्रवासही रद्द केला. ट्रान्सयुनियन फक्त पहिलं नाव आणि आडनाव बघत होती. जन्मतारीख तिच्याकडे होती, पण ती यादीतल्या जन्मतारखेशी ताडून बघायची तसदी घेतलेली नव्हती.

रामिरेझने खटला भरला, आणि अशीच नोंद लागलेले ८,१८५ लोक त्यात मोडले. ज्युरीने कंपनीला सुमारे ६ कोटी डॉलर द्यायला सांगितलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२१ च्या जूनमध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला: ज्या १,८५३ लोकांचे रिपोर्ट बाहेर कुणाला दिले गेले, त्यांनाच भरपाई मागण्याचा हक्क. उरलेल्या ६,३३२ जणांच्या नावापुढेही तीच चुकीची नोंद होती, पण ती कुणी वाचली नाही, म्हणून नुकसान झालं नाही. बदनामीचं पत्र लिहून टेबलाच्या खणात ठेवलं तर त्याने कुणाचं काय बिघडतं, असा त्या निकालातला मुद्दा.

कायद्याच्या दृष्टीने तो बरोबर असेल. पण साहित्याच्या वर्गात बसणारी कुणीही विचारेल, खणातलं पत्र कधी बाहेर येईल हे लिहिणाऱ्याच्या हातात, मग ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याने काय करायचं? काकांच्या नावापुढे आज कुठल्या बँकेच्या कॉम्प्युटरमध्ये काय लिहिलेलं आहे, आम्हाला माहीत नाही. पुढच्या वेळी पैसे पाठवतील तेव्हाच कळेल.

ऑफॅकला हा प्रश्न माहीतच नाही असं मी म्हणत नाही. त्यांनी स्वतःच सांगितलंय, की नाव जुळलं म्हणून घाईने ठरवू नका, पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, पत्ता, पासपोर्ट हे सगळं पडताळून बघा. ओळखीच्या गोंधळातून पैसे गोठले तर ते सोडवायला अर्ज करण्याची सोयही आहे. पण जे पैसे रीतसर गोठवलेले नसतात, नुसते "तपासात" असतात, त्यांचं काय? आमचे पैसे तसेच होते. आणि नाव किती जुळलं म्हणजे जुळलं, हा आकडा ऑफॅक सांगत नाही, तो प्रत्येक धंद्याने आपापल्या धोक्याप्रमाणे ठरवायचा. मग घाबरलेला धंदा आकडा खालीच ठेवणार आणि जाळ्यात सगळेच रॉड्रिग्ज येणार.

आपल्या देशातही याद्या आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या यादीतली नावं आपल्या बँकांनी तपासायची असतात, आणि यूएपीए कायद्याच्या कलम ५१ अ खाली त्यांचे पैसे गोठवता येतात. त्यासाठी केंद्र सरकारने २०२१ च्या फेब्रुवारीत काढलेल्या आदेशात मला एक गोष्ट आवडली. चुकून या कचाट्यात सापडलेल्या माणसाने अर्ज केला, तर पडताळणी करून निर्णय द्यायचा, असं त्यात लिहिलं आहे. प्रत्यक्षात कसं होतं तो भाग वेगळा. पण निर्दोष माणसासाठी नियमातच वाट ठेवता येते, एवढं यातून नक्की दिसतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. निर्बंध असू देत, यादी असू दे, मशीनही असू दे. पण यादी काढणाऱ्या आणि राबवणाऱ्या सरकारी खात्यांनी तीन गोष्टी कराव्यात.

पहिली, नाव जुळल्यावर जन्मतारखेसारखी दुसरी एखादी खूण बघितल्याशिवाय होल्ड करणं हा सल्ल्याचा नाही, नियमाचा भंग धरावा. जी माहिती बँकेकडे आधीच आहे ती न बघणं, याला माझ्या मते काळजी म्हणता येत नाही. माझ्या भाषेत तो आळस आहे.

दुसरी, पहिल्याच दिवशी माणसाला सांगावं: नाव जुळलं आहे, ही कागदपत्रं द्या, इतक्या दिवसांत उत्तर मिळेल. चोर सावध होईल म्हणून सांगत नाहीत, असं मैत्रीण म्हणते. पण आमच्याकडून पासपोर्ट मागितला तेव्हा आम्हाला कळलंच ना? मग ते चौथ्या दिवशी आम्ही विचारायला गेल्यावर कळण्याऐवजी पहिल्या दिवशी का नको? त्या तीन दिवसांत कागद पोचले असते.

तिसरी, अडवलेल्यांपैकी किती निर्दोष निघाले हा आकडा बँकांनी द्यावा आणि खात्यांनी छापावा. आणि दंडाच्या बोधकथांमध्ये एखादी तरी गोष्ट विनाकारण अडवलेल्या माणसाची असावी. कंपन्या त्या गोष्टी वाचूनच शिकतात, तर हेही शिकतील.

हे काही अशक्य नाही. आमच्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या जुन्या वहीत एकाच नावाचे कितीतरी जोसेफ रॉड्रिग्ज आहेत. पण प्रत्येकाच्या ओळीत आईबापांचं नाव, जन्मतारीख, धर्मपित्याचं नाव आहे, म्हणून एकाचा दाखला दुसऱ्याला जात नाही. आपल्या बेळगावकडच्या कुठल्याही गावात पन्नास पाटील असतात, तरी पोस्टमन बरोबर घरात पत्र टाकतो. एका नावाची अनेक माणसं असतात, हे वहीवाल्याला आणि पोस्टमनला ठाऊक असतं, म्हणून ते पुढची ओळ वाचतात.

शेवटी हे या अंकात लिहायचं कारण. आपल्यापैकी बरेच जण पुढच्या वर्षी नोकरीला लागतील. पुण्यात, बंगळुरात बँकांची बॅक ऑफिसं आहेत आणि इंग्रजी बऱ्यापैकी येणाऱ्या पदवीधरांना तिथे हेच काम मिळतं. दिवसभर स्क्रीनवर येणारी नावं बघायची आणि सोडायचं की अडवायचं ते ठरवायचं. मागच्या बॅचचे दोघं आजही ते करताहेत. त्यांच्याकडे वेळ कमी असतो, नावं खूप असतात, वर साहेब असतो, हे मी ऐकलंय. तरीही उद्या तुमच्या स्क्रीनवर एखादा रॉड्रिग्ज, डिसोजा किंवा पाटील आला, तर बटण दाबण्याआधी जन्मतारखेचा रकाना तेवढा बघा.

आजी आता काठी घेऊन चालते. बांगड्या सोडवल्या, व्याज भरून. परवा तिने मला विचारलं, "मग आपलं नाव होतं काय गं त्या यादीत?"

"नाही आजी."

"मग एवढे दिवस का लागले?"

मी तिला झेडचं सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यांनी एकदा विचारायचं तरी होतं."